स्टाफचा युनिफॉर्म कसा ठरवावा: नव्या हॉटेल-दुकानवाल्यांसाठी

नवं हॉटेल किंवा दुकान काढणारा माणूस युनिफॉर्म घ्यायला येतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याच्या मोबाइलमध्ये एक फोटो तयार असतो. काळा शर्ट, मरून ॲप्रन, छातीवर सोनेरी लोगो. "अस्संच पाहिजे, पंधरा जणांचं, उद्घाटनाच्या आत." फोटोतला शर्ट एसीत उभ्या असलेल्या मॉडेलने अर्धा तास घातलेला असतो. तुमच्याकडचा मुलगा तो सकाळी दहापासून रात्री अकरापर्यंत घालणार, भटारखान्याच्या दारातून दिवसभर ये-जा करणार, रात्री खोलीवर जाऊन बादलीत भिजवणार आणि सकाळी थोडा दमट असतानाच पुन्हा अंगात चढवणार. कपडा निवडायचा तो या दिवसासाठी.

युनिफॉर्म शिवून देणं हाच माझा धंदा आहे, त्यामुळे ऑर्डर लवकर पक्की व्हावी असं मलाही वाटतं. तरीही नव्या माणसाला मी आधी रंग आणि लोगो बाजूला ठेवायला लावतो. आधी काम बघायचं, मग धुलाई, मग कापड, मग माप आणि शिलाई. रंग-लोगो त्यानंतर. हा क्रम उलटा झाला की सहा महिन्यांत अर्धा स्टाफ स्वतःच्या टी-शर्टवर दिसायला लागतो आणि मालक म्हणतो, "पोरं युनिफॉर्म घालतच नाहीत."

उदाहरण म्हणून इथे पंधरा माणसांचं एक फॅमिली रेस्टॉरंट धरलं आहे, कारण आग, पाणी, तेल, गिऱ्हाईक असं सगळं एका छताखाली तिथेच सापडतं. दुकान, दवाखाना किंवा वर्कशॉप असेल तर काय बदलतं ते ओघात सांगतो.

१. कामांची यादी करा

"पंधरा युनिफॉर्म" अशी ऑर्डर देऊ नका. कागद घ्या आणि कोण काय करतं ते लिहा: आचारी २, हेल्पर ३, वेटर ६, काउंटर १, भांडी घासणाऱ्या मावशी २, दारावर वॉचमन १. प्रत्येकासमोर लिहा: आगीजवळ असतो का, पाण्यात हात असतात का, वाकणं-उचलणं किती, गिऱ्हाईकासमोर येतो का, अंगावर काय काय बाळगावं लागतं. पंधरा माणसांत चार वेगळे पोशाख निघतील. ते रंगाने एका घरातले दिसले की पुरे; कापड आणि शिलाई एकच असली पाहिजे असं काही नाही.

मग ही यादी घेऊन त्यांच्याकडेच जा. युनिफॉर्म घालणाऱ्याला कोणी विचारत नाही, आणि खरी माहिती त्याच्याकडेच असते. एका वेटरने मला सांगितलेलं: "शेठला सांगा, वरचा खिसा नको. ताट ठेवायला वाकलं की पेन आमटीत पडतं." तेव्हापासून वेटरच्या शर्टाला आम्ही छातीवर खिसा देत नाही. बाहीवर पेनापुरती पट्टी देतो, नाहीतर ॲप्रनला मधोमध दोन कप्प्यांचा खिसा. तिथे ऑर्डरचं पॅड, ओपनर, पुसायचा कपडा सगळं बसतं. मावशींना विचारलंत तर त्या म्हणतील, शर्ट काय घालायचा तो घालू, पण पुढून रबरी ॲप्रन द्या आणि पायात न घसरणारं काहीतरी द्या. बारा तास ओल्या फरशीवर उभं राहणाऱ्या बाईसाठी ती मागणी अगदी रास्त आहे. बजेट कमी असेल तर लोगोचे पैसे कापा, ही दोन नाही.

२. धुणार कोण आणि वाळणार कुठे

हा प्रश्न ऑर्डरच्या वेळी जवळपास कोणीच विचारत नाही, आणि किती जोड लागतील ते यावरच ठरतं.

कपडे हॉटेल धुऊन देणार की स्टाफ घरी नेणार? हॉटेलच लॉन्ड्रीला देणार असेल तर कपडा कडक धुलाईला टिकणारा हवा आणि प्रत्येक नगावर आतून नंबर हवा, नाहीतर गठ्ठा परत आला की ३८ चा शर्ट ४२ वाल्याच्या अंगात जातो. स्टाफ स्वतः धुणार असेल तर त्याची राहण्याची जागा डोळ्यांसमोर आणा. एका खोलीत सहा पोरं, एक दोरी, एक बादली. तिथे जाड सुती पँट पावसाळ्यात दोन दिवस वाळत नाही.

दुकानात किंवा रिसेप्शनवर दोन जोडांवर भागतं, तेही कोरड्या गावात. वेटरला तीन जोड द्या. भटारखान्यात तीनच्या खाली जाऊच नका, आणि ॲप्रन त्याहून दोन जास्त, कारण ॲप्रन दिवसातून एकदा तरी बदलायला लागतो. कोकण, गोवा, महाबळेश्वर, कोल्हापूरकडचा घाटमाथा इथे जून ते सप्टेंबर कपडे वाळण्याची खात्री नसते. तिथे एक जोड वाढवा किंवा पटकन वाळणारं कापड घ्या. नागपूर-चंद्रपूरकडे गोष्ट उलटी. उन्हाळ्यात कपडा तासाभरात वाळतो, पण मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा पॉलिस्टर जास्त असलेल्या कापडात माणूस उकडून निघतो. पुण्यात बघितलेला युनिफॉर्म जशाच्या तसा चंद्रपूरच्या शाखेला पाठवू नये.

३. कापड: इथे वेळ द्या

युनिफॉर्मच्या बाजारात मुख्यतः पाच प्रकार तुमच्यासमोर येतील.

टेरिकॉट, म्हणजे पॉलिस्टर आणि सुताचं मिश्रण. शर्टासाठी सगळ्यात जास्त खपतं. ६५ टक्के पॉलिस्टर आणि ३५ टक्के सूत हे प्रमाण नेहमीचं. इस्त्री टिकते, लवकर वाळतं, रंग बरेच दिवस राहतो. पॉलिस्टर जितकं वाढेल तितकं स्वस्त आणि तितकंच अंगाला गरम. दिवसभर उभं राहणाऱ्याला सुताचा भाग जास्त असलेलं घ्या. फरक मीटरमागे थोडाच पडतो आणि घामाचा वास कपड्यात धरून राहत नाही.

पँटला पी. व्ही., म्हणजे पॉलिस्टर-व्हिस्कोस सूटिंग. राजस्थानातलं भीलवाडा या कापडासाठी प्रसिद्ध आहे आणि आपल्याकडच्या बहुतेक घाऊक दुकानांत तिथला माल असतो. अंगावर छान पडतं, चुरगळत नाही. काउंटर, रिसेप्शन, वेटर यांना हेच.

ड्रिल किंवा ट्विल, तिरप्या विणीचं जाड कापड. वर्कशॉप, गोडाऊन, डिलिव्हरी, सफाई यांच्यासाठी. सुती ड्रिल मजबूत असतं पण आटतं आणि वाळायला वेळ घेतं, मिश्र ड्रिल त्या मानाने सोपं.

कॉलरवाले टी-शर्ट. कॅफे, जिम, डिलिव्हरी, मोबाइल शॉपी इथे चालतात. बराचसा माल तिरुपूरचा असतो. जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम कापड, हे विचारा. २०० ते २२० च्या आसपासचा टी-शर्ट अंगावर नीट राहतो. १६०-१७० वाला हातात घेतला तर बरा वाटतो, पण दोन महिन्यांत कॉलर मुरडते आणि खालची कड लोंबायला लागते.

आणि शंभर टक्के सुती. हे आगीजवळच्या माणसांसाठी, आणि इथे मी तडजोड करू देत नाही. पॉलिस्टर पेटलं की वितळतं आणि कातडीला चिकटतं. सूतही जळतं, पण वितळून अंगाला चिकटत नाही, कपडा झटकन ओढून काढता येतो. भट्टी, तंदूर, तळणीची कढई, वेल्डिंग, यांच्यासमोर उभ्या माणसाला टेरिकॉट देऊन नगामागे पन्नास-शंभर रुपये वाचवू नयेत. शेफ कोटचा पुढचा भाग दुहेरी असतो तो शोभेसाठी नव्हे. गरम तेल उडालं तर दोन थर मध्ये येतात, आणि पुढे डाग पडला तर पदर उलटा करून घालता येतो. त्याला दाबाची बटणं द्या, म्हणजे वेळ आली तर एका हिसक्यात कोट निघतो. लांब बाही आचाऱ्याला नको वाटते, पण मनगट भाजणं तिनेच वाचतं. पूर्ण बाहीला तयारच नसेल तर निदान पाऊण बाहीवर समजूत घाला.

पांढऱ्या कोटाबद्दल एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण पोरं घाबरतात. हळदीच्या डागावर साबण लावला की तो लालभडक होतो. कपडा बिघडलेला नसतो. साबणातल्या क्षाराने हळदीचा रंग तसा पालटतो. भरपूर पाण्यात खळबळून कडक उन्हात टाकला की हळद फिकी होत जाते. तेलाचा डाग मात्र उन्हाने जात नाही. त्याला त्याच रात्री भांड्याचा साबण लावून ठेवावा लागतो, आणि पॉलिस्टरमध्ये तो सुतापेक्षा जास्त हट्टी.

दुकानदार सांगेल ते खरं मानण्याआधी एक मीटर कापड विकत घ्या आणि घरी तीन गोष्टी करा.

पहिली: कडेचे दोन-तीन धागे सोडवून काडीने पेटवा. सुती धागा जळताना कागदासारखा वास येतो आणि बोटात चुरगळणारी राख उरते. पॉलिस्टरची वितळून कडक काळी गाठ होते. मिश्र कापडात दोन्हींचा अंश दिसतो. "प्युअर कॉटन आहे" म्हणून दिलेल्या कापडाची गाठ झाली तर समजायचं ते समजा.

दुसरी: कापडावर बॉलपेनने ५० सेंटिमीटरचा चौकोन आखा, तुमचा स्टाफ धुतो तसं तीन वेळा धुवा, वाळवा, इस्त्री करा आणि पुन्हा मोजा. उभी बाजू ४८.५ आली तर कापड ३ टक्के आटलं. ३० इंच उंचीच्या शर्टात ते जवळजवळ एक इंच होतं, आणि तेवढ्याने खोचलेला शर्ट वाकलं की बाहेर येतो. असं कापड घ्यायचंच असेल तर शिवण्याआधी भिजवून घ्या, किंवा मुळातच सॅनफोराइज्ड, म्हणजे गिरणीत आटवलेलं कापड मागा.

तिसरी: पांढरा रुमाल ओला करून कापडावर जोरात घासा. मरून, काळा, गडद निळा हे रंग इथे उघडे पडतात. रुमाल रंगला तर तोच रंग पहिल्या घामाला बनियनवर उतरणार.

पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारायला विसरू नका. ३६ इंची पन्ह्यात मध्यम बांध्याच्या माणसाच्या फुल शर्टाला साधारण सव्वादोन मीटर लागतं, ५८ इंची पन्ह्यात दीड-पावणेदोन. नुसता मीटरचा भाव ऐकून स्वस्त-महाग ठरवलं की इथे फसगत होते.

४. रंग

नव्या माणसाला पांढरा, क्रीम आणि काळा हे तीन रंग आवडतात. पांढरा कामाच्या जागी आठवडाभरात पिवळट दिसतो. तो दवाखान्यात किंवा भटारखान्यात शोभतो, कारण तिथे डाग दिसला पाहिजे आणि कपडा बदलला गेला पाहिजे. काळ्यावर पीठ, धूळ आणि वाळलेल्या घामाचे पांढरे पट्टे उठून दिसतात, आणि उन्हात तो विटून तपकिरी होतो. मला विचाराल तर मधले रंग घ्या: राखाडी, मोरपंखी, गडद निळा, वाइन. बारीक चौकटी किंवा बारीक रेघा असलेलं कापड डाग आणि चुरगळ दोन्ही झाकतं.

खाकी टाळा. पोलीस, एसटीचे चालक-वाहक आणि रिक्षावाले यांची ओळख त्याच रंगावर आहे, गिऱ्हाईक गोंधळतं. वॉचमनच्या बाबतीत तर कायदाच आहे. खासगी सुरक्षा एजन्सीचा २००५ चा कायदा सांगतो की खासगी रक्षकाचा गणवेश सैन्यदलांच्या किंवा पोलिसांच्या गणवेशासारखा दिसता कामा नये, आणि तसा घातला तर एक वर्षापर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. खांद्यावर तारे, लाल-निळ्या फिती, पोलिसी टोपी, हे हौसेने लावू नका.

रंग पक्का करताना दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: "ही शेड रनिंग आहे का?" म्हणजे गिरणीत ती वर्षभर निघते का. सहा महिन्यांनी तीन नवी पोरं लागतात आणि तोवर ती शेड बंद झालेली असते, हा दर वर्षीचा अनुभव आहे. शेड कार्डवरचा नंबर आणि कापडाच्या किनारीवर छापलेलं नाव यांचा फोटो काढून ठेवा. रनिंग असली तरी प्रत्येक रंगाईच्या लॉटमध्ये उन्नीस-बीस होतंच. सगळं कापड एकाच लॉटचं घ्या आणि दोन-तीन जोडांचं जास्तीचं कापड स्वतःकडे ठेवा.

५. माप आणि शिलाई

पंधरा-वीस माणसं असतील तर गावातल्या टेलरकडून प्रत्येकाचं माप घेऊन शिवणं उत्तम. मास्तर अर्ध्या दिवसात दुकानात येऊन मापं घेऊन जातो. पन्नासच्या पुढे गेलात की साइजचा सेट मागवा, म्हणजे ३६ ते ४६ पर्यंत एकेक तयार शर्ट. तो प्रत्येकाच्या अंगावर घालून बघा आणि नावापुढे नंबर लिहा. "तुझी साइज काय?" असं विचारून यादी करू नका. माणूस बाजारातल्या एखाद्या ब्रँडचा नंबर सांगतो आणि प्रत्येक कारखान्याचा ४० वेगळा असतो.

माप घेताना हात वर करायला लावा, खाली बसायला लावा, ट्रे उचलायला लावा. मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात तिथे, ताण आला तर तिथेच टीप उसवणार. हॉटेलात काम करणारी मुलं वर्षभरात अंग धरतात, म्हणून बाजूच्या शिवणीत आत किमान एक इंच मार्जिन सोडायला सांगा. तयार मालात हे मिळत नाही, टेलरकडे मागितलं तर मिळतं. पँटच्या बैठकीला दुहेरी टीप, खिशाच्या तोंडाशी बारटॅक (मजबुतीचे दाट टाके), आणि खिशाचं आतलं कापड जाड. स्वस्त पँट आधी खिशातच फाटते.

बायका-मुलींच्या युनिफॉर्मबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण बहुतेक ठिकाणी पुरुषांचा शर्ट लहान करून त्यांच्या हातात ठेवला जातो. छाती, कंबर, नितंब ही तिन्ही मापं वेगळी घ्यावी लागतात, आणि ती बाईनेच घ्यावीत. टेलरकडे बाई नसेल तर ओळखीच्या शिवणवालीला दोन तासांसाठी बोलवा. बटणांच्या मध्ये शर्ट उघडा पडू नये म्हणून छातीच्या रेषेवर एक बटण यायलाच हवं. खिसे द्या, खरे आणि खोल: मोबाइल, रुमाल, किल्ल्या त्यांच्याकडेही असतात. सलवार किंवा पँट गडद रंगाचीच ठेवा. महिन्याच्या चार दिवसांत फिक्या रंगाच्या कपड्यात दिवसभर उभं राहताना किती जपावं लागतं हे कुठल्याही बाईला विचारा, फिक्या रंगाचा आग्रह तिथेच संपेल. कापड उजेडासमोर धरून आरपार दिसतं का ते बघा. साडी, पंजाबी ड्रेस, शर्ट-पँट यांतलं काय, ते त्यांच्या मतानेच ठरवा, आणि पन्नाशीच्या मावशी साडीच नेसतो म्हणाल्या तर त्याच रंगाची साडी आणि वरून ॲप्रन द्या. ओढणी मात्र मशीन, मिक्सर किंवा शेगडीजवळ नको, तिच्या जागी जॅकेट किंवा कोटी शिवा. गरोदर कर्मचारी महिलेसाठी सैल कुर्त्याचा एक नमुना पहिल्याच ऑर्डरमध्ये ठरवून ठेवावा, म्हणजे तिला येऊन मागण्याची वेळ येत नाही. आणि कपडे बदलायला कडी लागणारी जागा नसेल तर युनिफॉर्मचा विषय थोडा थांबवा, आधी ती जागा करा.

वर्कशॉपवाल्यांसाठी इथेच एक. फिरत्या मशीनजवळ सैल बाही, लोंबणारा पट्टा, खालचे उघडे खिसे नकोत. चालू मशीनवर काम करणाऱ्या प्रशिक्षित कामगाराला अंगाला घट्ट बसणारे कपडे मालकाने पुरवावेत हे १९४८ च्या कारखाने अधिनियमातच लिहिलेलं होतं, आणि ते अनुभवातून आलेलं आहे.

६. भटारखान्यासाठी आणखी थोडं

अन्नसुरक्षेच्या २०११ च्या परवाना नियमांमध्ये शेड्युल ४ आहे. अन्न हाताळणाऱ्यांचे कपडे स्वच्छ असावेत, डोकं झाकलेलं असावं, ॲप्रन, हातमोजे वापरावेत अशा अपेक्षा त्यात आहेत. परवान्याची तपासणी झाली की हे बघितलं जातं. म्हणून टोपी किंवा डोक्याचा रुमाल युनिफॉर्मच्या ऑर्डरमध्येच धरा, नंतर सुट्या आणल्या की रंग जुळत नाही. कागदी टोप्या दाखवायला ठीक, भट्टीसमोर घामाने तासात फाटतात. धुता येणाऱ्या सुती टोप्या शिवा, माणशी चार.

स्वयंपाकघरातल्या कोटाला वरचे खिसे आणि सुटी होणारी शोभेची बटणं नकोत. जे सुटू शकतं ते कधीतरी कढईत पडतंच.

७. लोगो

डाव्या छातीवर तीन इंचांचा लोगो पुरतो. भरतकाम टिकतं, छपाई स्वस्त पडते. टी-शर्टला आणि ॲप्रनला छपाई चालते, शर्टाला भरतकाम करा. पातळ शर्टावर दाट भरतकाम केलं की आजूबाजूचं कापड गोळा होतं. मागे कागदाचा आधार देऊन नमुना काढून घ्या, तो एकदा धुवा आणि मगच हो म्हणा.

आपल्या लिपीची खास अडचण इथे येते. "श्री", "क्षीरसागर", "कृष्णा" अशा नावांत वेलांट्या, जोडाक्षरं बारीक धाग्यात भरून जातात आणि लांबून नुसता ठिपका दिसतो. अक्षराची उंची निदान एक सेंटिमीटर ठेवा आणि जाड, मोकळ्या वळणाचा टाइप निवडा. सजावटीचा टाइप पाटीवर छान दिसतो, शर्टावर वाचता येत नाही.

भरतकामासाठी लोगोचं पंचिंग करावं लागतं, म्हणजे भरतकामाच्या मशीनला समजेल अशी त्याची फाइल बनवावी लागते. त्याचे पैसे एकदाच लागतात. ती फाइल मागून घ्या, नाहीतर पुढच्या वेळी त्याच दुकानात अडकाल. माणसांची नावं कपड्यावर भरू नका. स्टाफ बदलतो, कपडा वाया जातो. नावाचा बिल्ला द्या, त्यावर फक्त पहिलं नाव, आणि मुलींना ते नको असेल तर आग्रह धरू नका.

८. कुठून, कधी, किती पैशांत

सोलापुरात युनिफॉर्म शिवणारे कारखाने भरपूर आहेत, तिथल्या उत्पादकांच्या संघाने युनिफॉर्मची प्रदर्शनंही भरवली आहेत. मुंबईत कापड घ्यायचं तर मंगलदास मार्केट आणि मूळजी जेठा मार्केट, पुण्यात रविवार पेठ, लक्ष्मी रोड. पंधरा-वीस माणसांसाठी एवढं फिरायची गरज नाही. जिल्ह्याच्या गावी घाऊक कापडवाला आणि एक विश्वासू टेलर मिळाला की काम होतं, आणि दुरुस्तीला तो जवळ असतो.

वेळ मात्र नीट निवडा. मार्चपासून जूनच्या शेवटापर्यंत युनिफॉर्मचा प्रत्येक कारखाना शाळांच्या कपड्यांत बुडालेला असतो. तेव्हा तुमची पंधरा जोडांची ऑर्डर कोपऱ्यात पडते, किंवा घाईत शिवून अंगावर येते. दिवाळीच्या आधीचा महिनाही टेलरकडे तसाच. जुलै-ऑगस्ट किंवा दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने, तेव्हा मास्तर तुमच्याशी निवांत बोलतो आणि भावही बसवून देतो. उद्घाटन मेमध्ये असेल तर फेब्रुवारीत ऑर्डर द्या.

भाव मागताना तो नगावर मागा आणि त्यात काय काय आलं ते लिहून घ्या: कापड, शिलाई, बटण-चेन, लोगो, इस्त्री-पॅकिंग, वाहतूक, जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के आणि त्यावरच्या नगावर १८ टक्के कर आहे. शर्ट-पँटला याचा त्रास नाही, रिसेप्शनचा ब्लेझर असेल तर भाव ठरवताना लक्षात ठेवा. आणि तुमचं हॉटेल ५ टक्क्यांवर बिल करत असेल तर या खरेदीवरच्या कराचं क्रेडिट, म्हणजे वजावट, तुम्हाला मिळत नाही. खर्च कर धरूनच मांडा.

सगळी रक्कम आगाऊ देऊ नका. निम्मी ॲडव्हान्स, निम्मी माल तपासून. त्याआधी एक नमुना शिवून घ्या, एखाद्या वेटरला आठवडाभर घालायला द्या, तीनदा धुऊ द्या. तो जे सांगेल ती दुरुस्ती करा आणि दुरुस्त नमुन्यावर तुमची आणि पुरवठादाराची सही असलेली चिठ्ठी टाचून स्वतःकडे ठेवा. माल आल्यावर वाद झालाच तर हा एक शर्ट शंभर शब्दांचं काम करतो.

९. माल आला की

गठ्ठा फोडून साइजप्रमाणे मोजा. मग पाच-सहा नग कुठलेही काढून उलटे करा. टिपेचे एका इंचात दहा-बारा टाके असावेत. सात-आठच असतील तर शिलाई लवकर उसवते. मुंढा दोन्ही हातांनी ताणा. बटण ओढून बघा. कॉलरची दोन्ही टोकं जुळवा. सगळे शर्ट दारात उजेडात शेजारी शेजारी ठेवा. दोन लॉटचं कापड वापरलं असेल तर ट्यूबलाइटखाली कळत नाही, उन्हात लगेच दिसतं.

१०. वाटप आणि पैसे

वहीत नाव, तारीख, नगांची संख्या आणि सही. नोकरी सोडताना परत द्यायचं असेल तर ते पहिल्या दिवशी सांगा.

युनिफॉर्मचे पैसे पगारातून कापू नका. वेतनातून कोणत्या कपाती करता येतात ते कायद्याने ठरवून दिलेलं आहे, मालकाच्या मनाला येईल ती कपात त्यात बसत नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, बारा-पंधरा हजारांवर काम करणाऱ्या मुलाकडून तुमच्या हॉटेलचं नाव लिहिलेल्या कपड्याचे पैसे घेणं मला पटत नाही. घरी धूत असतील तर महिन्याला धुलाईचे थोडे पैसे द्या. कपडे आपोआप स्वच्छ दिसायला लागतात.

शर्टाचं आयुष्य रोजच्या कामात वर्षभर धरा, ॲप्रनचं त्याहून कमी. वर्षाने सगळे एकदम बदलण्यापेक्षा दर सहा महिन्यांनी माणशी एक जोड नवा द्या. खर्च विभागला जातो आणि कोणीही एकदम जुनाट दिसत नाही.

जुने कपडे कोणाला द्यायचे किंवा पुसायला वापरायचे तर आधी लोगो कापून काढा. तुमच्या दुकानाचा शर्ट घातलेला अनोळखी माणूस तुमच्या गिऱ्हाइकाच्या दारात उभा राहिला तर गिऱ्हाईक तुमच्या नावावर विश्वास ठेवून दार उघडेल. घरपोच सेवा देणाऱ्यांनी, एसी-फ्रिज दुरुस्तीवाल्यांनी, गॅस शेगडीवाल्यांनी याची नोंद वहीत ठेवावी: किती शर्ट दिले, किती परत आले, किती फाडले.